शरीरातील प्रवाह – लेखांक ६ : ऊतीची हाक, रक्ताची वाट

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी पोटात घेऊन आलेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. शरीरातील नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, अशाच एकमेकींना मिळत मोठ्या होत जातात. नदीचे पात्र मात्र जमिनीच्या उताराने ठरते, काठच्या उसाच्या तहानेने नव्हे. म्हणून शिवारापर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी शेतकऱ्याला मोटार बसवावी लागते आणि पाट काढावा लागतो. रक्तवाहिन्यांचे जाळे नदीपेक्षा या पाटांना जवळचे आहे, कारण एकसारखे काम करणाऱ्या पेशींचा समूह, ज्याला ऊती म्हणतात, तो आपल्या गरजेप्रमाणे रक्त मागवून घेतो.

ही गरज अंतराच्या मर्यादेतून निर्माण होते. केशवाहिनीतून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीतून, बाहेर पडलेला ऑक्सिजन दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरत, म्हणजे विसरणाने, साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरच जाऊ शकतो, आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे डोळ्यावरील पारदर्शक पटल आणि कूर्चा असे मोजके अपवाद वगळता बहुतेक ऊतींच्या प्रत्येक कोपऱ्यात केशवाहिन्या असाव्याच लागतात.

पहिल्या वाहिन्या गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात तयार होतात. गर्भाच्या मधल्या थरातील काही पेशींचे पुंजके होतात. त्यांतील आतल्या पेशींपासून रक्तपेशी आणि बाहेरच्या पेशींपासून वाहिनीचे अस्तर बनते. आधी काहीच नसताना घडणाऱ्या या निर्मितीला वाहिनीजनन म्हणतात. सुमारे 22व्या दिवशी हृदय धडधडू लागते.

पुढची बहुतेक वाढ फुटव्यांनी होते. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशी एक विशिष्ट प्रथिन सतत नष्ट करत असते. तो कमी पडला की ते प्रथिन टिकते आणि वाहिनीवाढीचा संदेश देणारे व्हीईजीएफ हे दुसरे प्रथिन बनवण्याची आज्ञा देते. पेशीला ऑक्सिजनची पातळी कशी कळते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. संदेश पोहोचताच जवळच्या वाहिनीच्या अस्तरातील एक पेशी पुढे सरसावते आणि शेजारच्या पेशींना तसे करण्यापासून रोखते. मागच्या पेशी विभागून फुटवा लांबवतात, दोन फुटवे जुळतात, आतून पोकळी तयार होते आणि रक्त वाहू लागते. ज्या शाखांतून प्रवाह टिकतो त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशींचे वेष्टण मिळते, तर निरुपयोगी शाखा मिटून जातात.

जखम भरून येते ती याच प्रक्रियेमुळे. पण मागणी थांबली नाही तर तीच घातक ठरते, जसे शिरोळ तालुक्यात अतिरिक्त पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावाने सुपीक जमीन क्षारपड झाली. कर्करोगाच्या गाठीची वाढ नव्या वाहिन्यांवर अवलंबून असते, हा विचार ज्युडा फोकमन यांनी 1971 साली मांडला, आणि व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत 2004 साली कर्करोगासाठी मंजूर झाले. मधुमेहात दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, जुन्या केशवाहिन्या बंद पडल्या की उपाशी राहिलेली ऊती अशीच हाक देते. त्यातून उगवलेल्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि दृष्टी जाऊ शकते. हा बिघाड सुरुवातीला जाणवत नाही; म्हणून प्रत्येक मधुमेही वाचकाने, नजर स्वच्छ असली तरी, वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.