भाड्याच्या बंगल्यातील स्वयंपाकघर

महाबळेश्वर-लोणावळ्यासारख्या ठिकाणी घेतलेले घर वर्षातील बहुतेक दिवस बंदच राहते. तेव्हा ते सुट्टीसाठी भाड्याने द्यावे, हा विचार व्यापारी कुटुंबाला सहज सुचतो. गाद्या-पडद्यांवर सढळ खर्च होतो. स्वयंपाकघरात मात्र राहत्या घरातील पोचे पडलेली भांडी रवाना होतात. ही काटकसर खोटी आहे. जैन कुटुंब असे घर घेते, ते मुळी स्वयंपाकघरासाठीच.

त्याचा पहिला प्रश्न असतो : या भांड्यांत पूर्वी काय शिजले? याचे उत्तर भांडी घासून देता येत नाही. घर केवळ शाकाहारी पाहुण्यांना द्यावयाचे की सर्वांना, हे खरेदीपूर्वीच ठरवावे. सर्वांना देणार असल्यास वेगळा संच कुलुपबंद कपाटात ठेवावा आणि तसे आधीच स्पष्ट सांगावे. वेळ मारून नेणे म्हणजे दुसऱ्याच्या व्रताशी खेळणे होय.

उकळलेल्या पाण्याची सोय बहुतेक मालक विसरतात. प्रचलित नियमानुसार अशा पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर असते. म्हणजे ते पुनःपुन्हा उकळावे लागते. त्यासाठी दहा लिटरचे पातेले, निववण्यास दोन रुंद पराती, झाकणाचा हंडा आणि जाड सुती, दुपदरी गळणे हवे. चहाची गाळणी येथे उपयोगाची नाही.

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. कुकर दोन असावेत, पाच व तीन लिटरचे. जोडीला त्यांच्या जादा रबरी रिंगा. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. फिरून पाचला परतलेल्या दहा माणसांचे चौविहारापूर्वीचे जेवण दोन बर्नरवर होणे कठीण. तीन बर्नरची शेगडी घ्यावी. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून केवळ इंडक्शनवर विसंबू नये.

तेथील दमट हवेत बिडाचा तवा गंजतो, लाकडी पोळपाटावर बुरशी धरते. पोळपाट दगडी बरा. नॉनस्टिक भांड्यांवर चार पाहुण्यांत ओरखडे पडतात. जाड बुडाचे स्टील महाग पडले तरी टिकते. पाहुणे गेल्यावर भांडी पुसून, पूर्ण कोरडी करूनच कपाटात जावीत, आणि उरलेले पीठ-डाळी मागे ठेवू नयेत. ओलाव्याने त्यांत जीवोत्पत्ती होण्यास फार दिवस लागत नाहीत.