बोहल्यावरून मागे फिरणारे

लग्नाला बिचकणारे पात्र आणि त्याच्या पाठीशी मोडलेले घर ही जोडी अमेरिकी मालिकांत १९९० च्या दशकात चांगलीच रुळली. ‘फ्रेंड्स’मधला (१९९४–२००४) चँडलर बिंग नऊ वर्षांचा असताना थँक्सगिव्हिंगच्या जेवणातच आई-वडिलांनी त्याला घटस्फोटाची बातमी दिली. तेव्हापासून त्या दिवसाच्या पक्वान्नांना तो शिवत नाही. विनोदी मालिकेत हे दुःख टोमण्यांपुरतेच येते. लग्नाच्या आदल्या रात्री तो पळतो खरा, पण २००१ मध्ये मैत्रीण मोनिकाशी त्याचे लग्न लागते आणि जखमही भरली असे धरले जाते.

‘द सोप्रानोज’ने (१९९९–२००७) हा भाबडेपणा मोडला. टोळीप्रमुख टोनी वर्षानुवर्षे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फींसमोर बसून आईबद्दल बोलतो. लिव्हिया ही आई निर्माते डेव्हिड चेस यांनी स्वतःच्या आईवरून बेतली होती. शेवटी उपचार डॉक्टरच थांबवतात. रोगी होता तसाच राहतो.

‘मॅड मेन’मध्ये (२००७–२०१५) बालपण हे गुपित बनते. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचे नाव घेऊन जगणारा डॉन ड्रेपर जाहिरातीच्या धंद्यात आहे, आणि विकतो काय, तर घरपण. पहिल्या पर्वाच्या अखेरीस स्लाइड दाखवण्याचे यंत्र खपवताना तो स्वतःच्याच बायकामुलांची छायाचित्रे वापरतो. तोच संसार त्याला सांभाळता येत नाही. पुढे दुसरे लग्नही त्याच वाटेने जाते. २०१३ मधल्या एका भागात हर्शी चॉकलेटच्या बैठकीत तो आधी वडिलांच्या मायेची खोटी आठवण रंगवतो, मग आपण कुंटणखान्यात वाढल्याचे सांगून टाकतो. त्यापायी त्याला सक्तीच्या रजेवर जावे लागते. या एका कबुलीने जे साधते, ते त्याच पर्वात पेरलेल्या कुंटणखान्याच्या पूर्वदृश्यांना साधत नाही. ती नको तितकी समजावत बसतात.

पुढचे पाऊल ‘बोजॅक हॉर्समन’चे (२०१४–२०२०). नायक घोडा, मालिका कार्टूनची. तरी २०१७ मधला ‘टाइम्स अ‍ॅरो’ हा भाग दोषाचा माग आजीपर्यंत नेतो. मुलगा महायुद्धात गेल्यावर शोकाने बिथरलेल्या आजीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि तिच्या मुलीला कुणावर जीव लावण्याचीच धास्ती बसली. तीच बोजॅकची आई. आता स्मृती गेलेल्या या आईला सुनावण्याची संधी त्याच्या हाती असते; पण ती तळ्याकाठच्या जुन्या घरात आइस्क्रीम खात बसली आहे, असे तो तिला खोटेच सांगतो.