शिंगं नाहीत, चिलखत नाही, तरी टिकले

ट्रायसेरॅटॉप्सला शिंगं होती, अँकिलोसॉरसला चिलखत होतं. बदकचोच्या डायनोसॉरांकडे, म्हणजे हॅड्रोसॉरांकडे, यातलं काहीच नव्हतं. तरीही क्रिटेशस काळाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत, टायरॅनोसॉरांच्या शेजारी, ते मोठ्या संख्येने नांदले. माझ्या मते याचं मुख्य कारण त्यांच्या वाढीच्या वेगात आहे. हायपॅक्रोसॉरस या हॅड्रोसॉराच्या हाडांचे काप काढून वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा तो १० ते १२ वर्षांत पूर्ण वाढत असल्याचं दिसलं. त्या वयात टायरॅनोसॉर अर्धवटच वाढलेले असत. एवढी वाढ पोसायला चारा भरपूर लागतो आणि तो दळणारा जबडाही. चोच नुसती पाला ओरबाडायला. खरं काम मागे चाले. जबड्याच्या प्रत्येक बाजूला शेकडो दात एकमेकांना घट्ट बिलगून रचलेले, वरचा झिजला की खालचा तयारच. जात्याला अधूनमधून टाकी लावावी लागते. हे दात मात्र कमीअधिक कठीण थरांचे असल्याने झिजता झिजताच खरबरीत राहत. चोचीवरून त्यांना पाणथळीतली मऊ झाडं खाणारे ठरवलं गेलं होतं. ते मत जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६४ मध्ये खोडून काढलं.

यावर कोणी म्हणेल, श्रेय वेगाला कशाला, आईबापांना द्या. मोंटानात १९७८ मध्ये मायासॉरा या हॅड्रोसॉराच्या पिल्लांचे अवशेष घरट्यात सापडले. पिल्लांचे दात झिजलेले होते, म्हणजे ती घरट्यातच भरवली जात असावीत. हे मला पटतं, पण एवढ्यावर भागत नाही. त्याच जातीच्या ५० नडग्यांच्या हाडांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दहांपैकी सुमारे नऊ पिल्लं वर्षाच्या आत दगावत, असा अंदाज निघाला. जी वाचत ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास विणीला येत. ही हाडं एकाच ठिकाणची, तेव्हा तो आकडा सगळ्या जातींना लावू नये, हे खरंच. वाढीचा पुरावा मात्र इतर जातींच्या हाडांतही मिळतो. मोठं झाल्यावरही अभय नव्हतंच. साउथ डकोटात सापडलेल्या एका हॅड्रोसॉराच्या शेपटीच्या दोन मणक्यांत टी. रेक्सचा दात रुतलेला आहे आणि त्याभोवती नवं हाड चढून मणके जुळून गेले आहेत. लचका बसूनही तो प्राणी निसटला आणि जखम भरेपर्यंत जगला.

मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते संपले, ते वाढीच्या या वेगाचं अपयश का? मला तसं वाटत नाही. वेगाने शिकाऱ्याला मागे टाकता आलं; लघुग्रहाच्या आघातानंतर झाडोराच गेला, तेव्हा रोज ढीगभर पाला लागणाऱ्या या थोराड देहांना खायलाच उरलं नाही.