हद्दीपलीकडे शिपाई जातो तेव्हा

१२ एप्रिल १९६० रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगालच्या दाव्याचा निकाल दिला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे जाताना मधला भारतीय मुलूख ओलांडण्याचा हक्क पोर्तुगालला आहे की नाही, हा प्रश्न होता. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना तो हक्क होता, असे अकरा न्यायाधीश म्हणाले आणि चौघे विरुद्ध गेले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांना तो हक्क नव्हता, हे मात्र आठ विरुद्ध सात अशा मतांनी ठरले. न्यायपीठावर भारताकडून तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला बसले होते.

एका मताच्या फरकाने ठरलेल्या या मुद्द्यामागे जे पुरावे होते, ते मला या खटल्यातले सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांत बादशाही फर्माने किंवा रणांगणावरचे तह फारसे नव्हते. न्यायालयाने पाहिले ते जकातीच्या एका करारातले कलम, सुरत जिल्ह्यातल्या एका तालुक्याबद्दलचा पत्रव्यवहार आणि पोलिसांच्या ये-जा करण्याचे नियम. आपल्याकडच्या इतिहासलेखनात असल्या कागदांना मान नाही. लढाया, तह आणि वीरपुरुष यांच्यापुढे जिल्ह्यांच्या हद्दी, तालुक्यांची अदलाबदल, फरारी हवाली करण्याच्या अटी हे सगळे कारकुनी काम म्हणून बाजूला पडते. पण शिवेवर राहणाऱ्या माणसाचे नशीब ठरले ते बहुधा याच कागदांवर.

इंग्रज अमदानीतला महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की हे पटते. बार्शी तालुक्याला मोगलाईने, म्हणजे निजामाच्या मुलखाने, विळखा घातलेला. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख १८५३ च्या करारानुसार इंग्रजांकडे आला आणि १८६० मध्ये पुन्हा निजामाकडे गेला. वऱ्हाडही त्याच १८५३ च्या करारानुसार इंग्रजी कारभाराखाली आले. सार्वभौमत्व नावापुरते निजामाचे, कलेक्टर इंग्रजांचा. दक्षिणेकडे कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, सावंतवाडी अशी संस्थाने, त्यांच्या मधून मधून खालसा गावे, आणि सावंतवाडीच्या पलीकडे पोर्तुगीजांचे पेडणे, डिचोली, सत्तरी. पेडण्याच्या टोकाला तेरेखोल नदी हद्द म्हणून वाहते, तरी तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, सावंतवाडीच्या बाजूला असूनही पोर्तुगीजांचा. या नकाशात गुन्हा करून पळणाऱ्याला फार लांब जावे लागत नसे.

या भागात हवाली करण्याचा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो दरोडेखोरांमुळे नव्हे, बंडखोरांमुळे. १८४४ मध्ये कोल्हापूरकडच्या गडकऱ्यांनी उठाव केला आणि त्याचे लोण सावंतवाडीत पोहोचले. संस्थानचा कारभार तेव्हा इंग्रजांच्या हातात होता. फोंड सावंत तांबुळकर पुढे झाले, युवराज अण्णासाहेबही त्यांना मिळाले. १८४५ च्या सुरुवातीला मनोहरगड पडला तेव्हा ही मंडळी सह्याद्रीच्या रानातून गोव्यात उतरली. इंग्रजांनी त्यांची मागणी केली. गोव्याचे गव्हर्नर जुझे फेरैरा पेश्ताना यांनी नकार दिला. पोर्तुगीज सत्ता तेव्हा दुबळी होती आणि इंग्रजी फौज दारात होती. तरीही शरण आलेल्यांना त्यांनी हवाली केले नाही. पोर्तुगीज राजवटीबद्दल चांगले लिहिण्यासारखे थोडे आहे, पण या नकाराचे श्रेय तिला द्यायला हवे. १८५८ मध्ये फोंड सावंतांची मुले सुपे भागातल्या जंगलात पुन्हा लढली आणि शेवटी पोर्तुगीजांना शरण गेली. त्यांना दूर तिमोरला पाठवण्यात आले. इंग्रजांच्या हाती दिले नाही, आणि घरीही परतू दिले नाही.

अशा अनुभवानंतर हद्दीपलीकडच्या माणसाबद्दल लेखी बंदोबस्त असावा, असे इंग्रजांना वाटणे साहजिक होते. तो बंदोबस्त २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये झाला. रॉबर्ट मोरियर आणि आंद्राद कोर्वू यांनी ठरवलेल्या या कराराचे नावच व्यापार आणि गुन्हेगार-हवाली असे जोडलेले होते. १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी तो अमलात आला. गोवा आणि इंग्रजी हिंदुस्थान यांच्यामधली जकात गेली, मुरगावहून घाटमाथ्याकडे रेल्वेचा मार्ग मोकळा झाला, आणि गोव्यातल्या मिठाचा बंदोबस्त इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या बदल्यात पोर्तुगालला वर्षाला चार लाख रुपये मिळत.

गोव्याच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारे या करारात मीठ आणि रेल्वे पाहतात, आणि ते योग्यच आहे. मिठागरे बसली, मीठ महागले, मुंबईची वाट धरणारे वाढले. पण करारात एक कलम असेही होते, ज्याच्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नसेल. एका सरकारच्या सशस्त्र फौजेने दुसऱ्याच्या हिंदुस्थानातील मुलखात शिरू नये. शिरायचेच तर जुन्या तहांत नमूद असलेल्या कारणासाठी, या करारातल्या परस्पर मदतीसाठी, किंवा रीतसर विनंती करून, असे ते कलम सांगते. मिठाचे चोर पकडायला निघालेला शिपाई नकळत दुसऱ्याच्या राज्यात गेला, तर तो हल्ला मानायचा की चूक, हा व्यवहारी प्रश्न त्यामागे होता.

या कलमाचा कस सुरत जिल्ह्यात लागला. नगर हवेलीची गावे पोर्तुगीजांकडे आली ती पेशव्यांमुळे. मराठ्यांनी पोर्तुगीजांची एक फ्रिगेट पकडली होती. तिच्या भरपाईपोटी आणि मैत्री राखण्यासाठी १७७९ च्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलीची गावे देण्याचे कबूल केले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती देण्यात आली. एकूण ७२ गावे. हेगच्या न्यायालयाच्या मते पेशव्यांनी वसूल दिला होता, राज्य दिले नव्हते. १८१८ नंतर पेशव्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांचा तिथला अंमल राज्य म्हणून चालू दिला. तेव्हापासून दमण, दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये इंग्रजी मुलूख आला, आणि नगर हवेलीतल्या सिल्वासाकडे निघालेल्या पोर्तुगीज शिपायाला पारडी तालुक्यातून जाणे भाग पडले.

१८९० च्या डिसेंबरात मुंबई सरकारने गोव्याला कळवले की पोर्तुगीज सरकारचे हत्यारबंद लोक दमण आणि नगर हवेली यांच्यामध्ये जाता-येता सुरत जिल्ह्यातल्या पारडी तालुक्याचा काही भाग ओलांडतात. गोव्याच्या सरकारचे उत्तर महिनाअखेरच्या आतच आले: पोर्तुगीज सैनिक आधी परवानगी घेतल्यावाचून इंग्रजी मुलखातून कधीच जात नाहीत. हे उत्तर देणाऱ्याला त्या क्षणी इंग्रजांची तक्रार मिटवायची होती. सत्तर वर्षांनी हेच वाक्य आपल्या देशाविरुद्ध पुरावा म्हणून वाचले जाईल, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. १८९२ मध्ये मूळ कराराची मुदत संपली, तरी परवानगीची रीत सुटली नाही. पोलिसांच्या ये-जाविषयी १९१३ मध्ये समझोता झाला, १९२० आणि १९४० मध्येही सशस्त्र पोलिसांच्या प्रवेशाला आधी संमती हवी, हे पुन्हा पुन्हा मान्य झाले.

परवानगीची गरज मान्य करणे म्हणजे हक्क नसल्याची कबुली देणे. याच मुद्द्यावर पोर्तुगालचा सशस्त्र फौजेबद्दलचा दावा फसला. पण तो भाग सांगण्याआधी थोडे पूर्वेला, निजामाच्या मुलखात जाऊ, कारण तिथे हीच गोष्ट इंग्रजांवर उलटली.

निजाम आणि इंग्रज यांच्यात गुन्हेगार परस्परांकडे सोपवण्याचा करार १८६७ मध्ये झाला होता. पुढे रेल्वे आली. वाडीहून सिकंदराबादला जाणारी लाइन १८७४ मध्ये सुरू झाली, आणि रेल्वेच्या जमिनीवरचा फौजदारी अधिकार निजामाने इंग्रजांना दिला. हिंदुस्थान सरकारने त्यावर गॅझेटात जाहीरनामा काढला. त्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन मुहम्मद युसुफुद्दीन यांना हैदराबाद राज्यातल्या शंकरपल्ली स्टेशनात पकडण्यात आले, ते शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर. आरोप लाचखोरीचा होता, आणि त्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८९७ मध्ये निकाल आला: निजामाने दिला तो रेल्वेच्या कारभारापुरता अधिकार, जाहीरनामा काढून हिंदुस्थान सरकारला त्यापेक्षा जास्त मिळवता येणार नाही, अटक बेकायदा. म्हणजे रेल्वेच्या रुळांवर उभा असलेला माणूस निजामाच्या राज्यातच होता. साम्राज्य ऐन भरात असताना त्याच्याच सर्वोच्च न्यायासनाने व्हाइसरॉयच्या जाहीरनाम्याला हद्द घालून दिली.

हे सर्वत्र घडले असे मात्र नव्हे. १९०३ च्या गुन्हेगार-हवाली कायद्यात परराष्ट्रे आणि संस्थाने यांना वेगवेगळ्या फूटपट्ट्या होत्या. परराष्ट्राने मागितलेल्या माणसाची मॅजिस्ट्रेटपुढे चौकशी होई. संस्थानातून पळून इंग्रजी हद्दीत आलेल्या माणसासाठी मात्र पोलिटिकल एजंटने जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावे वॉरंट काढले की काम भागत असे. युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांना तेवढे यातून वगळलेले. कोल्हापूरचा शेतकरी बेळगाव जिल्ह्यात सापडला तर त्याला जी सोय नाही, ती त्याच संस्थानात गुन्हा केलेल्या गोऱ्या साहेबाला होती. हा भेद कायद्याच्या कलमात काळ्या शाईने छापलेला आहे, आणि तो वाचताना आजही संताप येतो.

हद्दीचा आणि हवालीचा सर्वांत गाजलेला मराठी खटला अर्थातच सावरकरांचा. लंडनहून हिंदुस्थानात आणताना त्यांना साम्राज्यांतर्गत फरारींच्या १८८१ च्या कायद्याखाली पाठवले होते, म्हणजे कागदोपत्री ते एका राज्यातून दुसऱ्यात जातच नव्हते. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसला त्यांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली आणि ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले, तेव्हा परराष्ट्राची हद्द खरोखर आली. फ्रेंच पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या ताब्यात दिले. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी ही कृती नियमबाह्य होती हे मान्य केले, आणि तरीही त्यांना फ्रान्सकडे परत द्यायला इंग्लंड बांधील नाही असे ठरवले. युसुफुद्दीन यांच्या निकालाशेजारी हा निवाडा ठेवला की तो किती अन्यायाचा होता ते कळते. शंकरपल्लीत चुकीची अटक ही चूकच राहिली, मार्सेलिसमध्ये ती पचून गेली.

आता पुन्हा दमणकडे. १९५४ च्या जुलैमध्ये दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे कितीतरी मराठी तरुण त्या मोहिमेत होते, आणि त्या गावांतले वारली, कोकणा, धोडिया लोक पोर्तुगीज राजवट उलथवायला उभे राहिले होते. दमणहून फौज पाठवायची तर मध्ये भारत. भारताने वाट अडवली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत दाखल झाले आणि आठच दिवसांनी त्यांनी हेगला दावा गुदरला.

त्या दाव्यात १८७८ चे ते कलम, १८९० ची ती पारडीची पत्रे आणि पोलिसांच्या ये-जाचे समझोते हेच निर्णायक ठरले. खासगी माणसे आणि माल यांची ये-जा सव्वाशे वर्षे सुरळीत होती, म्हणून तो हक्क न्यायालयाने मानला. शिपायाला मात्र दर वेळी विचारावे लागत होते, म्हणून तो हक्क नाही. शिवाय मुक्त झालेल्या मुलखामुळे तणाव असताना भारताने वाट अडवली, यातही कोणतेही बंधन मोडलेले नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा आणि नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाले, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा, दमण आणि दीवही मुक्त झाले.

भारत आणि पोर्तुगाल यांच्यात पुढे चार दशकांनी पुन्हा एका फरारी माणसाचा प्रश्न उभा राहिला, आणि तोही मुंबईतून. १९९३ च्या बाँबस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. त्या वेळी दोन्ही देशांत हवालीचा करार नव्हता. १९०३ च्या कायद्याची जागा १९६२ च्या कायद्याने घेतली होती. तो पोर्तुगालला लागू करणारा जाहीरनामा भारत सरकारने १३ डिसेंबर २००२ रोजी राजपत्रात काढला. आणखी चार दिवसांनी उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या नावे हमी गेली की या माणसाला फाशी किंवा पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही. २००५ मध्ये त्याला मुंबईत आणले गेले. पुढे जन्मठेप झाली, तेव्हा ती हमी न्यायालयांवर बंधनकारक आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ११ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले की शिक्षा न्यायालयाने दिली असली तरी दिलेला शब्द देशाचा आहे, आणि पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर राज्यघटनेच्या ७२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींना त्याच्या सुटकेचा सल्ला देणे केंद्र सरकारवर बंधनकारक राहील.