फॉरमॅट मारल्यानंतरची मराठी

विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यांवर चालणारी सॉफ्टवेअर यांच्यातला सारा व्यवहार सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीचा, मोफत सुरक्षा-आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. पनवेलच्या डीटीपी दुकानांच्या दृष्टीने याहून गैरसोयीची तारीख शोधूनही सापडली नसती, कारण वसुबारस तीन दिवसांवर आलेली असताना आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईच्या पत्रिका टेबलावर येऊ लागलेल्या असताना चालता संगणक खोलण्याची हिंमत कोणताही दुकानदार करत नाही. डीटीपी म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून, त्याची पाने लावून, छपाईसाठी तयार फाईल देण्याचा व्यवसाय; जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत आणि सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलच्या सेक्टरांत तो आजही एका खोलीत, दोन-तीन संगणकांवर आणि मालकासह दोन-तीन माणसांच्या बळावर चालतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा त्रास इतर व्यवसायांनाही होतो, परंतु इथे तो मराठी लिपीशीच येऊन भिडतो, आणि म्हणूनच तो जवळून पाहण्याजोगा आहे.

पहिली अडचण यंत्राचीच असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले, चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे संगणक अशा दुकानांत उत्तम चालत असतात. पण विंडोज 11 ला अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 ही, सुरक्षेच्या सांकेतिक किल्ल्या जपणारी, व्यवस्थाही लागते. त्यामुळे ‘अपग्रेड’ या शब्दाने सुचणारी चढती पायरी प्रत्यक्षात नसतेच. नवा संगणक घ्यायचा, किंवा हार्ड डिस्क पुसून नवी प्रणाली घालायची, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘फॉरमॅट मारायचा’, हेच दोन मार्ग उरतात. दोन्हींत जुन्या विंडोजमधले फॉण्टचे फोल्डर मागे राहते, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

हा प्रश्न कळण्यासाठी मराठी संगणकात कशी शिरली ते पाहावे लागते. 1990 च्या दशकात सर्वसाधारण संगणकाला एका फॉण्टमध्ये 256 जागा माहीत होत्या आणि त्या इंग्रजी व युरोपीय अक्षरांसाठी राखलेल्या होत्या. देवनागरीसाठी आयएस 13194 ही भारतीय प्रमाण संकेतावली 1991 साली आली आणि पुण्याच्या सी-डॅकने त्या दिशेने मोठे काम केले, तरी पेजमेकरसारख्या पानजोडणीच्या सॉफ्टवेअरला ती समजत नव्हती. मग फॉण्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: कुठे अर्धा ग, कुठे काना, कुठे रफार. कोणता तुकडा कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे ठरवले. अशा फॉण्टांतला मजकूर वाचणाऱ्याला मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग असतो.

कृतिदेव या फॉण्टचे उदाहरण घेता येईल. त्यात छोट्या डीच्या जागी ‘क’, मोठ्या डीच्या जागी अर्धा ‘क्’, छोट्या ईच्या जागी ‘म’ आणि छोट्या वायच्या जागी ‘ल’ आहे, म्हणून ‘कमल’ हा शब्द संगणकाने डी-ई-वाय असा साठवलेला असतो. नव्याने घातलेल्या वर्डमध्ये वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय मुळातच चालू असते. ती आपले काम चोख बजावते, डी मोठा होतो आणि पडद्यावर ‘क्मल’ उमटते. ऑपरेटर ते दुरुस्त करतो, पुढच्या वाक्याला पुन्हा तेच घडते, आणि ही सोय बंद करायची असते हे आठवेपर्यंत अर्धे पान टाइप झालेले असते.

अशाच एका दुकानातला बदल सुरुवातीपासून पाहिला असता कामाचा क्रम पुढीलप्रमाणे दिसला. आदल्या रात्री जुन्या डिस्कमधील सर्व फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली गेली, सकाळी नवा संगणक सुरू झाला, विंडोजने स्वतःच्या सूचना स्वच्छ मराठीत दाखवल्या, आणि त्यानंतर एका वाचनालयाची काही वर्षांपूर्वीची स्मरणिका उघडली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांची खिचडी समोर आली. ‘फॉण्ट उडाला’ असे या व्यवसायात म्हणतात ते हेच. मजकुराचा एक अंशही हरवलेला नसतो, पण तो वाचण्याची एकमेव किल्ली, म्हणजे तो विशिष्ट फॉण्ट, समोर नसते.

फॉण्ट जुन्या डिस्कवरून आणून बसवता येतात, आणि ते बसवले गेलेही. पण त्या फॉण्टांत टाइप करण्यासाठीचे सॉफ्टवेअर डोंगलवर चालणारे होते. डोंगल म्हणजे सॉफ्टवेअर खरेदी केल्याचा पुरावा म्हणून संगणकाच्या पाठीला लावायची छोटी वस्तू. जुने डोंगल प्रिंटरच्या रुंद, पंचवीस टाचण्यांच्या पोर्टला लागत आणि ते पोर्टच नव्या संगणकांवर सहसा नसते. त्यानंतरचे डोंगल यूएसबीचे, परंतु त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूची प्रणालीशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, 32-बिट विंडोजसाठी लिहिलेला. विंडोज 11 फक्त 64-बिट स्वरूपात मिळते आणि 64-बिट विंडोज 32-बिट ड्रायव्हर स्वीकारतच नाही. त्याहून जुन्या, 16-बिट प्रोग्रॅमना तर ती उघडूही देत नाही. सॉफ्टवेअर 32-बिट असूनही ते संगणकात उतरवणारा प्रोग्रॅम 16-बिट असल्याचे प्रकार त्या काळात सर्रास होते, त्यामुळे जपून ठेवलेली मूळ सीडी हाती असूनही निरुपयोगी ठरते. पैसे मोजून, पावतीसह घेतलेली वस्तू अशी एका दिवसात मुकी होते, आणि ज्यांनी चोरीची प्रत वापरली त्यांना डोंगलची अडचणच येत नाही. प्रामाणिक ग्राहकावर पडणारा हा उलटा भार अन्यायाचा आहे असे स्पष्ट म्हणायला हवे.

2001 साली आलेला पेजमेकर 7 हा 32-बिट असल्याने थोड्या खटपटीने नव्या विंडोजवर चालतो. मात्र तो युनिकोड जाणत नाही. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीच्या मुख्य विभागाला 128 जागा मिळाल्या आहेत आणि विंडोज 2000 पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय आहे. त्यामुळे पेजमेकर सोडून इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरवर जायचे, तर जुना मजकूर युनिकोडमध्ये उलटवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी कन्व्हर्टर नावाचे प्रोग्रॅम वापरले जातात.

कन्व्हर्टरला नेमके काय करावे लागते हे ‘कार्तिक’ या एका शब्दात दिसते. जुन्या फॉण्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, म्हणून आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘त’ आणि शेवटी वरचा रफार येतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणून आधी ‘र’ व हलन्त, मग ‘त’ आणि अखेरीस वेलांटी. म्हणजे मधल्या तीन घटकांचा क्रम पूर्ण उलटा करायचा, तोही ते तीन घटक एकाच अक्षराचे आहेत हे ओळखून. टाइप करणाऱ्याने घाईत रफार आधी आणि अनुस्वार नंतर दिला असेल, किंवा वेलांटीचा अरुंद तुकडा न वापरता रुंद वापरला असेल, तर छापील पानावर काहीच फरक दिसत नाही, पण कन्व्हर्टर चुकतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. तीस वर्षे कागदावर बरोबर दिसणे हीच कसोटी असल्यामुळे अशा हातसवयी प्रत्येक फाईलमध्ये सापडतात.

काही चुका याहून अवघड असतात, कारण त्या चुका वाटतच नाहीत. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला कर्नाळ्याचा डोंगर असलेल्या पनवेलमध्ये ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द नित्याचे आहेत. युनिकोडमध्ये चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ दोन प्रकारे लिहिता येतो आणि त्यातल्या एका प्रकारात एक अदृश्य जोडचिन्ह वापरावे लागते. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ते चिन्ह गळाले की ‘डोंगरदऱ्या’चे ‘डोंगरदर्या’ होते आणि सुट्या ‘दऱ्या’ शब्दाचा तर सरळ समुद्र होतो. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम तो अडवत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ आणि ‘आचार्यांचा सत्कार’ यांतला फरक यंत्राला सांगता येत नाही. तो मुद्रितशोधकालाच पाहावा लागतो. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांचेही असेच आहे. अनेक युनिकोड फॉण्टांत हिंदी वळण मुळातच दिसते आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली तरच, फॉण्टात सोय असल्यास, मराठी वळण येते. ज्या ग्राहकाच्या आजोबांची पत्रिका याच दुकानात झाली, तो ‘शुभविवाह’मधला ‘श’ पाहून ‘हे आपले अक्षर नाही’ म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खरे असते.

ऑपरेटरच्या बोटांचा विचार तर बहुतेक वेळा कोणी करतच नाही. ज्यांनी टंकलेखनाच्या मांडणीवर पंचवीस वर्षे काम केले त्यांची बोटे शब्दाचा विचार मनात येण्याआधीच कळ शोधतात. विंडोजमध्ये मराठीसाठी मिळते ती इनस्क्रिप्ट मांडणी, ज्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली व व्यंजने उजव्या हाताखाली असतात. 2019 पासून उच्चारानुसारी मांडणीचीही भर पडली आहे, पण टंकलेखन यंत्राची मांडणी वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय येत नाही. इनस्क्रिप्ट तर्कशुद्ध आहे आणि नवशिक्याने तीच शिकावी, याबद्दल दुमत नसावे. तरीही एका अनुभवी हाताला वेलांटी आधी देण्याऐवजी नंतर द्यायला शिकवणे म्हणजे त्याची लिहिण्याची चाल मोडणे असते. पाहिलेल्या दुकानात पन्नाशीच्या ऑपरेटरबाई ‘सौ. कां.’ एका दमात टाइप करून ‘विवाह’च्या ‘वि’पाशी थांबत होत्या, वेलांटी आधी उमटलेली पाहून ती खोडत होत्या आणि पुन्हा ‘व’ शोधत होत्या. त्या दिवशी एका पत्रिकेला पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट वेळ लागला.

पानांची लांबीरुंदी बदलणे ही त्यामानाने किरकोळ, पण पैशाची गोष्ट. विंडोज 2000 पासून सवयीचा झालेला मंगल फॉण्ट विंडोज 10 पासून ऐच्छिक जोडणीत गेला. तो वेगळा उतरवला नाही तर त्यात टाइप केलेल्या फाईली निर्मला यूआय या दुसऱ्या फॉण्टमध्ये उघडतात, ओळी सरकतात आणि सोळाच्या पटीत बसवलेली पुस्तिका एक-दोन पानांनी वाढते. छापखान्यात फॉर्म सोळा पानांचा, त्यामुळे वाढलेल्या एका पानासाठी आख्खी मांडणी नव्याने करावी लागते.

या सगळ्या वेळेचे बिल कोणाच्या नावाने फाडायचे, हा प्रश्न दुकानात रोज उभा राहतो. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, तेव्हा असंख्य जुन्या फाईलींत तो एक शब्द बदलून द्यायचा होता आणि ग्राहक त्याचे वेगळे पैसे देत नव्हता, कारण एक शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो असे त्याला वाटत होते. आजही ग्राहक मागच्या वर्षीची फाईल उघडून नुसती तारीख बदलून मागतो. ती फाईल उघडण्यासाठी डोंगल जुळवणे, फॉण्ट शोधणे, मजकूर उलटवणे आणि सबंध वाचून काढणे एवढे झालेले असते, हे त्याला दिसत नाही आणि ऑपरेटरला सांगता येत नाही. शिवाय या दुकानांच्या डिस्कवर वाचनालयांचे अहवाल, देवस्थानांच्या उत्सवपत्रिका, शाळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका आणि गावोगावच्या मंडळांचे हिशेब साठलेले आहेत. त्यांतल्या कित्येकांची छापील प्रत खुद्द त्या संस्थेकडेही उरलेली नसते. शहराचा अलीकडचा लिखित इतिहास उलटवून ठेवण्याचे काम अशा रीतीने पत्रिकांच्या फावल्या वेळात, बिनपैशाचे होत राहते.

म्हणूनच जुना संगणक कोणी भंगारात देत नाही. पाहिलेल्या दुकानात तो दाराशेजारच्या कपाटाखाली ठेवला आहे, त्यावर विंडोज एक्सपी आहे, पाठीला पंचवीस टाचण्यांचे डोंगल लावलेले आहे, आणि एक्सपीचा सुरक्षा-आधार 8 एप्रिल 2014 रोजीच संपलेला असल्याने त्याची इंटरनेटची वायर कायमची काढून ठेवली आहे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे प्रत्येक वेळी सुरू केल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. ऑपरेटरबाई आधी ती तारीख दुरुस्त करतात, मग पेजमेकर उघडतात, आणि स्मरणिकेचे पान पडद्यावर मराठीत उमटले की शेजारच्या नव्या संगणकावर ते पाहून पाहून पुन्हा टाइप करू लागतात.