रस्त्याच्या कडेची सायकलवाट

शेगांवांत मीं छत्तीस वर्षें सायकलीनें शाळा गांठली. यात्रेकरूंची दाटी, ऑटोरिक्षा, मध्येंच उभी राहिलेली एसटी यांतून वाट काढतांना मनांत येई कीं, कडेला एक पांढरी रेघ ओढून आम्हां सायकलवाल्यांस थोडी जागा कोणी दिली तर किती बरें होईल! गेल्या वर्षीं पुण्यास नातीकडे गेलों, तेव्हां अशी रेघ लाभली. तिच्या आंतून जात असतां कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचें दार अकस्मात् उघडलें, आणि मनगट प्लास्टरमध्यें घालून मी परतलों. तेव्हांपासून या विषयाचा थोडा विचार केला आहे.

उघडलेलें दार सुमारें एक मीटर जागा अडवितें. उभ्या मोटारींना लागून दीड मीटरची पट्टी आंखली, तर तिचा बहुतेक भाग दाराच्या टप्प्यांत येतो. तासीं पंधरा किलोमीटर वेगानें जाणारा मनुष्य एका सेकंदांत चार मीटर पुढें जातो; दार दिसून हात ब्रेकवर जाण्यास तेवढाच वेळ लागतो. पट्टी नसती तर शहाणा सायकलस्वार दारापासून दूरच राहिला असता. पट्टी असल्यानें तो दाराशीं लगटून चालतो, आणि बाहेर आला तर मागचा मोटारवाला त्याच्यावरच डोळे वटारतो.

मग उंच कठडा बांधून वाट वेगळी कां करूं नये? करावी, पण खरी कसोटी चौकांत लागते. आपलीं वाहनें डावीकडून चालतात. डावीकडे वळणारी मोटार सरळ जाणाऱ्या सायकलीला आडवी येते, आणि कठडा, झाडें वा उभ्या गाड्या यांच्याआड तो सायकलस्वार चालकास शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाहीं. म्हणून चौकाच्या बऱ्याच अलीकडे गाड्या उभ्या करूं न देणें, कोपरा आंखूड करून वळणाऱ्यास वेग उतरविण्यास भाग पाडणें, आणि वाट गल्लीच्या तोंडावरून उंचावरच पुढें नेणें, हे उपाय लागतात. केवळ रंगानें हें साधत नाहीं.

लंडनजवळ वेस्टर्न ॲव्हेन्यूवर १९३४ सालीं अशी वाट झाली, तेव्हां खुद्द सायकलस्वारांच्या संघानेंच विरोध केला. मुख्य रस्त्यावरचा आपला हक्क जाईल, ही त्यांची धास्ती होती. ती मला पूर्वीं हास्यास्पद वाटे. आतां वाटत नाहीं.

एके काळीं सायकलींचें शहर म्हणविणाऱ्या पुण्यांत २००६ पासून बीआरटीच्या रस्त्यांलगत वाटा झाल्या. कोठें खांब, कोठें झाड, कोठें तुटलेला उतार. मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील वाट २०११ च्या सुमारास झाली, तिच्यावर मोटारी उभ्या राहूं लागल्या. पुणें महापालिकेनें २०१७ सालीं सविस्तर सायकल आराखडा मंजूर केला, तरी गाडें जागेपाशींच अडतें. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९६२ च्या शिफारशींप्रमाणें वाट किमान दोन मीटर हवी. हे दोन मीटर बहुधा उभ्या मोटारींकडूनच घ्यावे लागतात, आणि तेथें नगरसेवकापासून दुकानदारापर्यंत सर्वांचा धीर सुटतो. आमच्या गांवीं अशी रेघ ओढली, तर पहिल्याच गुरुवारीं तिच्यावर प्रसादाचीं दुकानें मांडलीं जातील, हें मी आजच सांगून ठेवितों.

नातीला शाळेस सायकलीनें जावयाचें आहे. तिच्या आईनें मला विचारलें, पाठवूं का? पाठव, म्हणालों, मात्र पोरीला मीं बजावलें आहे कीं, उभ्या मोटारीपासून दोन हात लांब राहा, मग त्यापायीं रेघेबाहेर यावें लागलें तरी चालेल, पण आधीं मागें वळून पाहा.