चवीची पारख आणि बाटलीवरचे नाव

स्कॉचखेरीज दुसरी व्हिस्की न मानणाऱ्या रसिकांनाही आता जपानी व्हिस्कीची गोडी लागली आहे. ही केवळ परदेशी वस्तूंची हौस म्हणणे अन्यायाचे ठरेल. मासाताका ताकेत्सुरू यांनी 1918 साली स्कॉटलंड गाठून ही विद्या आत्मसात केली. 1934 मध्ये त्यांनी योइची येथे स्वतःचा कारखाना काढला. तेथील व्हिस्कीला जागतिक स्पर्धेत अव्वल मान मिळण्यास मात्र 2001 साल उजाडावे लागले. कीर्तीपाठोपाठ भेसळीचा बाजारही आला. परदेशी मद्य ‘जपानी’ नावाने खपू लागले, तेव्हा 2021 मध्ये तेथील उत्पादक संघटनेने स्वतःवरच बंधन घालून घेतले: मॉल्ट हवेच, पाणी जपानमधलेच हवे आणि लाकडी पिंपात मद्य किमान तीन वर्षे मुरलेले असावे.

आपल्याकडे? कित्येक स्वस्त ‘व्हिस्की’ उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभ्या असतात. युरोपीय संघात त्यांना व्हिस्की म्हणताच येत नाही. तेथे धान्याची अट आहे. मळीच्या मद्यार्काला लेबलावर ठळकपणे तसे म्हणावे, ही मागणी ग्राहकाने करावयास काय हरकत आहे?

आणि पाणी? 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यउद्योगाच्या पाण्यात कपातीचा आदेश द्यावा लागला होता. जपानी झऱ्यांचे कौतुक करणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या रसिकाने वाळूज-चिकलठाण्याच्या मद्यकारखान्यांना जायकवाडीचे पाणी किती जाते आणि कोणत्या दराने, हेही विचारावे.